पिवळा म्हणजे रिकामी जमीन

मंगळवारी सकाळी साडेदहाला मी आफ्रिकेतल्या एका मोठ्या पट्ट्याचा नकाशा ‘फायनल’ म्हणून पाठवून दिला आणि साडेअकराला तो परत कसा मागवायचा, हे शोधत बसले. मधल्या तासात घडलं एवढंच, की माझे वडील चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

आधी थोडं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, धाराशिवला बसून ही बाई आफ्रिकेचे नकाशे कुठून करायला लागली. मी जीआयएसचं काम करते. म्हणजे उपग्रहानं काढलेल्या फोटोंवरून नकाशे बनवते. एका नकाशावर दुसरा ठेवायचा, त्याच्यावर तिसरा. प्रत्येकाला लेअर म्हणतात. रस्त्यांचा एक, नद्यांचा एक. माझ्याकडं जमिनीचा लेअर होता. जंगल गडद हिरवं, पीक फिकट हिरवं, घरं लाल, पाणी निळं. आणि ज्यात काहीच नाही ती जमीन पिवळी. कंपनी पुण्यात आहे. लॉकडाऊनमध्ये मी इकडं आले ती परत गेलेच नाही. बसस्टँडच्या मागं दोन खोल्या, एक इन्व्हर्टर आणि इंटरनेटची एक वायर, जिच्यावर वानरांचा फार जीव आहे.

तर आफ्रिकेतल्या देशांनी मिळून पुढच्या पन्नास वर्षांचा आराखडा केलाय. आपल्याकडं गावच्या गटारीचा आराखडा मंजूर व्हायला पिढी जाते, आणि हे अख्ख्या खंडाचा करून बसलेत. सगळ्या देशांचा मिळून एक बाजार. देशादेशांना जोडणारी रेल्वे. सीमेवरचे नाके हळूहळू उठवायचे, पुढं पासपोर्ट एकच. रेल्वेच्या दोन्ही अंगांना विकासपट्टा, म्हणजे गोदामं, कारखाने, नवी शहरं. हे सगळं उद्या होणार नाही, पण जमीन आजच राखून ठेवायची. कुठली जमीन? जी रिकामी आहे ती. म्हणजे माझी पिवळी. आमची कंपनी या कामात तिसऱ्या हाताची कंत्राटदार. देशांची नावं मी सांगणार नाही, तशी सही केलेली आहे.

काम मला मनापासून आवडायचं. त्याला कारण माझे आजोबा. आमचं गाव भूम तालुक्यात. निजामाच्या काळात आमचा मुलूख एका राज्यात आणि बाजाराची बार्शी दुसऱ्या राज्यात. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. डोक्यावर शेंगांचं गाठोडं घेऊन आजोबा त्या नाक्यावर तासन् तास उन्हात बसलेले. इकडचं नाणं तिकडं चालायचं नाही. त्यांची मावशी वारली तर नाका चुकवून ओढ्यातनं जावं लागलं. नाका उठला त्या दिवशी तुम्ही काय केलं, असं मी लहानपणी विचारायची. ते म्हणायचे, ‘काय करायचं? सरळ चालत गेलो.’ खंडभरातले नाके उठणार आणि त्या कामात आपला एक रंग असणार, याचं मला कौतुक वाटायचं. खोटं कशाला बोलू.

आता माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आले होते. मे महिना. डॉक्टरांनी ऊन नको, धूळ नको, वाकायचं नाही, असं बजावलेलं. जन्मभर रानात राहिलेला माणूस दोन खोल्यांत काय करणार? काळा चष्मा लावून फेऱ्या मारायचे आणि दर फेरीला माझ्या स्क्रीनपाशी थांबायचे.

‘ह्ये कुणाचं रान हाय?’

‘आफ्रिकेतलं, दादा. वरनं काढलेला फोटो.’

‘आन् पिवळं का केलंस?’

‘रिकामी जमीन आहे ती. पडीक.’

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मी ओरडले, पण ऐकतंय कोण. पडद्याला नाक लावून बघायला लागले.

‘ह्ये काळं काळं गोल काय हायती?’

‘जळालेलं गवत.’ सॉफ्टवेअरनंच तसं लिहिलं होतं. मी फक्त ओके दाबलं होतं.

‘जाळ आसा मोजून गोल लागतोय व्हय? एकाला एक चिकटून, वळीनं?’ त्यांनी एकेका गोलावर बोट ठेवलं. ‘मेंढरं बसवल्याती.’

हे शहरातल्यांना सांगावं लागेल. आमच्याकडं सुगी संपली की मेंढपाळ येतात. शेतकरी त्यांची मेंढरं मुक्कामाला आपल्या रानात बसवून घेतो. जाळीचं गोल कुंपण करायचं, मेंढरं आत. दोन-तीन दिवसांनी कुंपण उचलून शेजारी लावायचं. असं करत रानभर लेंडीखत पडतं. बदल्यात मेंढपाळाला ज्वारी. वरून काढलेल्या फोटोत मेंढरू दिसत नाही, पण ते बसलेली जागा दिसते. काळसर, गोल.

‘असतील मेंढरं,’ मी म्हणाले. ‘जमीन तर मोकळीच आहे ना?’

‘आगं सुजा, पडीक रानात कोण मेंढरं बसवून घेतंय? ज्याला पेरायचंय त्योच बसवतंय.’ आणि कपात साखर कमी आहे म्हणत ते आत निघून गेले.

मी हसले. मग सहज म्हणून मागच्या वर्षीचा फोटो उघडला. गोल होते, पण शेजारच्या तुकड्यात. त्याच्या आदल्या वर्षी त्याच्याही शेजारी. पाळीपाळीनं, एक तुकडा यंदा, एक पुढल्या साली. गवत काही पाळी लावून जळत नाही. मग मी त्यांच्या पावसाळ्यातले फोटो काढले. ते आम्ही वापरले नव्हते, कारण त्यात ढग असतात आणि ढगाखालचं दिसत नाही. म्हणून सगळे कोरड्या महिन्यांतले स्वच्छ फोटो घेतात. एका फोटोत ढगाला फट होती. त्या फटीतनं खाली बघितलं तर हिरवंगार. सरळ ओळी. पेरलेलं.

नियम असा होता, की सलग तीन वर्षांच्या फोटोंत काही उगवलेलं दिसलं नाही तर जमीन रिकामी धरायची. आणि नियम लिहिला कुणी? मी. तिन्ही वर्षांचे फोटो त्यांच्या ऐन उन्हाळ्यातले. भूमची पोरगी मी. मे महिन्यात आमचं रान कसं दिसतं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

गुरुवारी दोन देशांचे मंत्री बसणार होते. नकाशा तिथं मंजूर झाला, की पिवळी जमीन विकासपट्ट्यासाठी राखीव. आणि राखीव झाली, की तिथं पेरणारा माणूस त्याच दिवसापासून अतिक्रमणदार. त्याला कुणी कळवणारही नाही. दहा वर्षांनी जीप येईल तेव्हा कळेल.

‘अतिक्रमण’ हा शब्द मला घरातनं माहीत आहे. आमच्या बौद्ध वस्तीनं दोन पिढ्यांमागं गावाबाहेरचा मुरमाड माळ फोडला. दगड वेचले, बांध घातले, रान केलं. कागदावर ते आजही गायरान. पीक लिहून घ्यायला माणूस यायचा तो हटकून उन्हाळ्यात, आणि वहीत लिहायचा, ‘पडीक’. आईकडं एक पत्र्याचा डबा होता. त्यात दागिने नव्हते, अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या होत्या. दंड झाला म्हणजे कुणीतरी कसत होतं, हाच आमचा पुरावा. जीपचा आवाज आला की दादा तिच्यापुढं जाऊन उभे राहायचे, आई चूल विझवायची आणि रानात जाऊन उभी राहायची. परत कधी येऊ याचा नेम नसायचा, म्हणून चूल विझवायची. मी तिच्या पदराला धरून असायची. ती भीती मला अजून तोंडपाठ आहे. फरक इतकाच, की या वेळी जीपमध्ये मी बसले होते.

पुण्याला बर्वे सरांना फोन लावला. ते माझे प्रोजेक्ट मॅनेजर.

‘सर, पिवळ्यात चूक आहे.’

‘किती?’

‘माहीत नाही. म्हणून तर फोन केला.’

‘सुजाता, साइन-ऑफ झालाय. फाइल लॉक झालीये.’

‘तिथं लोक पेरतात, सर.’

‘तू बघून आलीस?’

‘वडील म्हणाले.’

‘वडील काय करतात?’

‘शेती.’

‘आफ्रिकेत?’

ते जरा नरमले. माणूस वाईट नाही. आई गेली तेव्हा महिनाभर माझं काम त्यांनी स्वतः ओढलं होतं. म्हणाले, ‘हे बघ, प्रत्यक्ष जाऊन तपासणं आपल्या कामात धरलेलं नाही. तशी तळटीप आहे.’

‘मंत्री तळटीप वाचतात?’

‘पन्नास वर्षांचा प्लॅन आहे. वाटेत दुरुस्त होईल.’

‘सर, आमच्या गावच्या वहीतलं पडीक अजून दुरुस्त झालेलं नाही.’

‘तुझं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपतंय,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘धमकी देत नाहीये. माझंही संपतंय.’

त्यांचा आवाज बारीक झाला होता. तेव्हा मला कळलं की तेही घाबरलेत, आणि मी जास्तच घाबरले. वरचा माणूस घाबरला की खालच्यानं कुणाकडं बघायचं?

दादा दारात उभे राहून ऐकत होते. ‘सही कुणाची हाय त्याच्यावर?’

‘माझी. खाली, बारीक अक्षरात.’

‘मग गप ऱ्हा.’

‘दादा?’

‘तू दाखवशील आन् लोक आदी तुलाच धरत्याल. नोकरी जाईल. लई लांबचं रान हाय त्ये. गप ऱ्हा.’

मला संताप आला. ‘तुम्हीच दाखवलं ना मला?’

‘मला काय म्हाईत, तू त्यात हायेस म्हणून.’ ते आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

जीपपुढं उभा राहिलेला माणूस मला गप बस म्हणत होता. फार राग आला. नंतर कळलं. रान त्यांचं होतं तेव्हा भीती त्यांची स्वतःची होती, ती त्यांनी पेलली. पोरीच्या वाट्याची भीती त्यांना पेलवत नव्हती.

बुधवारी सकाळी मला जेवण गेलं नाही. दुपारी तीनला क्लायंटबरोबर रंगीत तालमीची मीटिंग होती. मंत्र्यांना दाखवायचं ते आधी एकदा आपापसांत दाखवायचं. माझं काम स्लाइड बदलण्याचं. त्याआधी मी एक गोष्ट केली. तोच नियम, तोच हंगाम, तेच सॉफ्टवेअर घेतलं आणि खाली आफ्रिकेच्या जागी भूम तालुका ठेवला. बटण दाबलं. पट्टी पुढं सरकत होती आणि मी चक्क डोळे मिटून बसले.

उघडले तर पिवळं. भूम शहराचा लाल ठिपका, तळ्यांचं थोडं निळं, उसाचे हिरवे तुकडे, आणि बाकी पार परंड्याच्या हद्दीपर्यंत पिवळंच पिवळं. आमचं गाव इतकं लहान, की त्याला लाल रंगही लागला नव्हता. आईनं जिथं उभं राहून दिवस काढले ते रान मी बोटानं शोधलं. पिवळं. काहीच नसलेली जमीन.

तीन वाजता मीटिंग सुरू झाली. पलीकडं आमिना मॅडम, त्या आराखड्याच्या जमीन विभागाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. अलीकडं बर्वे सर. सहा स्लाइड मी मुकाट बदलल्या. सातव्या स्लाइडच्या जागी मी भूम लावलं.

‘सुजाता, चुकीची फाइल,’ बर्वे सर म्हणाले.

‘नाही, सर.’ आणि पुढचं धीर सुटायच्या आत बोलून टाकलं. ‘मॅडम, विकासपट्ट्यासाठी ही जमीन कशी वाटते?’

त्यांनी वाकून बघितलं. ‘चांगली आहे. सपाट आहे, रस्ता जवळ आहे. पण ही आपल्या पट्ट्यातली वाटत नाही. कुठली?’

‘माझ्या तालुक्यातली. बाण आहे ते माझ्या वडिलांचं शेत. यंदा तिथं ज्वारी झाली, ती आम्ही खातोय. नियम तोच आहे, मॅडम. मीच लिहिलेला.’

बर्वे सरांनी कॅमेरा बंद केला. मी घाईघाईनं आफ्रिकेतले गोल दाखवले. यंदाचे, मागचे, त्याच्या मागचे. मग ढगाच्या फटीतलं हिरवं.

‘हे गोल कुणी ओळखले?’ मॅडमनी विचारलं.

‘वडिलांनी.’

‘ते कुठं आहेत?’

दारामागंच होते. गप राहा म्हणणारा माणूस टोपी घालून तयार. माझ्या शेजारी येऊन बसले, काळ्या चष्म्यासकट. मॅडम इंग्रजीत विचारत होत्या, मी दादांना मराठीत सांगत होते आणि त्यांचं उत्तर मॅडमना इंग्रजीत.

‘एका जागी किती दिवस बसवता?’

‘दोन-तीन दिस. मंग जाळी उचलायची.’

‘मेंढपाळाला काय देता?’

‘दाणं. आन् त्याच्या लेकराबाळास्नी दोन वक्ताची भाकर.’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ‘आमच्याकडं गुरं बसवतात,’ त्या म्हणाल्या. ‘आणि बाजरी देतात. माझ्या आईच्या गावात.’ हसल्या नाहीत. ‘हा नकाशा दोन महिने माझ्या टेबलावर होता. मी यावर सही केलीये.’ आवाज तसाच, काल बर्वे सरांचा झाला होता तसा. चूक एकाची आणि पाचावर धारण सगळ्यांची. मग त्यांनी विचारलं, ‘उद्या सकाळपर्यंत काय करता येईल?’

मी तोंड उघडायच्या आत बर्वे सरांचा कॅमेरा सुरू झाला. ‘रंग बदलता येणार नाही, मॅडम. तेवढा वेळ नाही. पण रंगाचं नाव बदलता येईल. जिथं गोल दिसतात तेवढ्या तुकड्यात “रिकामी” काढून “तपासणी बाकी” लिहू. तपासणी झाल्याशिवाय जमीन राखीव करता येत नाही. नियमातच आहे.’

वीस वर्षं कागदपत्रं तयार करणाऱ्या माणसाला वाट बरोबर सापडते. तासाभरात आम्ही दोघांनी नाव बदललं आणि मॅडमनी त्यावर पुन्हा सही केली.

गुरुवारी मंत्र्यांनी आराखडा मंजूर केला, तो तुकडा सोडून. त्यांच्या पावसाळ्यात माणसं तिथं जाऊन आली. अहवालात दोन ओळी होत्या. बाजरी आणि चवळीचं पीक, सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच भाषेची गावं. तुकडा राखीव यादीतनं गेला. तिथल्या लोकांना यातलं काही ठाऊक नाही, आणि ठाऊक व्हायचं कारणही नाही. नाका उठेल तेव्हा ते सरळ चालत जातील, एवढं पुरे.

माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं, पण वर्षाऐवजी तीनच महिन्यांसाठी. बर्वे सरांनी मेल पाठवला, ‘पुढच्या वेळी असं काही असलं तर आधी मला सांगावं.’ आधीच सांगितलं होतं, हे मी उत्तरात लिहिलं नाही. लोक मला म्हणतात, धाडस केलंस. कसलं धाडस? दोन भीती होत्या. एक नोकरीची, एक आईच्या डब्याची. दुसरी मोठी निघाली. आणि आम्ही फक्त गोल दिसले तेवढंच थांबवलं. जिथं कुणी मेंढरं, गुरं बसवत नाही, तिथं मी रंगवलेलं पिवळं अजून तसंच आहे. त्यात कोण काय पेरतंय, मला माहीत नाही. नव्यानं या कामात येणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगते, की जमीन रिकामी दिसली तर फोटोचा महिना बघा.

दादांचं सांगायचं राहिलं. शनिवारी ते गावी निघाले. पिशवी घेऊन दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

‘सुजा, आपल्या रानाचं त्ये पिवळं पुसलंस का?’

‘दादा, ते नुसतं तपासायला केलं होतं. त्याला कोण विचारतंय?’

‘पुसलंस का?’

गाडीची वेळ झाली होती. तरी लॅपटॉप उघडला आणि त्यांच्यासमोर ती फाइल काढून टाकली. ते चष्मा वर करून बघत होते.

‘गेलं?’

‘गेलं.’

‘नक्कल कुणाकडं न्हाय ना?’

‘न्हाय,’ मी म्हणाले.

बुधवारची मीटिंग भूमच्या स्लाइडसकट रेकॉर्ड झाली होती. ते त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.